वेड कीं पाप? — होळकर घराण्यांतील दोन प्रकरणें

नाशिकहून निफाडाकडे जातांना चांदोरी लागली कीं पुलापलीकडे, गोदावरीच्या दुसऱ्या काठीं, सायखेडा आहे. पाणी फार उतरलें म्हणजे चांदोरीच्या बाजूस पात्रांतील जुनीं देवळें उघडीं पडतात, आणि मोठा पूर आला म्हणजे देवळेंच काय पण पूलहि दिसेनासा होतो. या गांवीं माझें आजोळ. माझे मामा तेथें एका अडत्याच्या दुकानीं दिवाणजी होते. कीर्द-खतावणींत त्यांची एका पैची चूक कोणी कधीं काढली नाहीं, आणि कोणाला उणा शब्द त्यांच्या तोंडून गेल्याचें कोणी ऐकलें नाहीं, अशी त्यांची पंचक्रोशींत ख्याति होती. वयाच्या ५६ व्या वर्षीं हा मनुष्य पाहतां पाहतां बदलला. एका शेजाऱ्याच्या घरीं दुखवट्यास गेले असतां ते मोठ्यानें हंसले. वाण्याच्या दुकानांतून जातां जातां गुळाचा खडा उचलून तोंडांत टाकूं लागले. घरांतील लेकीसुनांसमोर जे शब्द उच्चारूं नयेत ते उच्चारूं लागले. आणि त्याबद्दल कोणी कांहीं बोललें तर त्यांच्या चेहऱ्यावर लाज दिसण्याऐवजीं एक प्रकारचें कोरें कुतूहल दिसे.

गांवानें या प्रकाराचीं तीन निदानें केलीं. कोणी म्हणाले, बाहेरचें आहे. एक भगतहि आणला गेला. कोणी म्हणाले, चोरून दारू पितात. आणि जे स्वतःस अधिक जाणते समजत त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, हा मूळचा असाच; इतकीं वर्षें झांकलेलें होतें, तें आतां उघडें पडलें. चौथें निदान कोणी मोठ्यानें बोललें नाहीं, तरी तें मामींच्या कानांवर गेलेंच: बायकोनें कांहींतरी चारलें असावें. दोन वर्षांनीं नाशिकास मेंदूचें यंत्रचित्र घेण्यांत आलें आणि डॉक्टरांनीं तें उजेडापुढें धरून कपाळामागचा भाग दाखविला. अक्रोडाचा गर सालींत सुकून आंत पोकळी रहावी, तसें तेथें झालेलें होतें. प्राग येथील आर्नोल्ड पिक या वैद्यानें १८९२ सालीं वर्णिलेल्या व्याधींच्या कुळांतील हें दुखणें आहे, आणि त्यावर उपाय नाहीं, असें त्यांनीं सांगितलें.

हें घरगुती वृत्त प्रारंभीं देण्याचें कारण एवढेंच कीं, होळकरांच्या इतिहासाची गोडी मला याच मामांनीं लावली. नवरात्रांत ते मला चांदवडच्या रेणुकेस नेत. सायखेड्याच्या उत्तरेस सातमाळ्याच्या डोंगराखालीं हें चांदवड आहे. इंग्रजी कागदांत त्याला चांदोर म्हणतात, त्याची आणि आमच्या चांदोरीची गल्लत करूं नये. तेथें होळकरांचा रंगमहाल अद्याप उभा आहे. त्याच्या ओट्यावर बसून मामा मालेरावाची व यशवंतरावाची गोष्ट सांगत, आणि शेवटीं ठरलेलें वाक्य म्हणत, “पाप डोक्यांत चढलें.” मामांच्या स्वतःच्या डोक्याचें चित्र मीं पाहिलें त्या रात्रीं मला हें वाक्य आठवलें, आणि त्या दोन्ही गोष्टी पुन्हां मुळापासून वाचाव्यात असें वाटलें. तो हा परिणाम आहे.

दोन्ही प्रकरणांचा मुख्य साक्षीदार एकच, सर जॉन माल्कम. १८०५ च्या डिसेंबरांत यशवंतरावाशीं बियास नदीच्या काठीं तह झाला तेव्हां हा गृहस्थ लॉर्ड लेकच्या छावणींत होता. १८१७ च्या महिदपूरच्या लढाईंत तो होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला, १८१८ च्या जानेवारींत मंदसोरचा तह त्यानेंच केला, आणि त्यानंतर माळव्याचा कारभार पाहतांना होळकर दरबारच्या जुन्या माणसांस विचारून त्यानें आपला मध्य हिंदुस्थानचा वृत्तान्त लिहिला. तो १८२३ सालीं प्रसिद्ध झाला. याच मंदसोरच्या तहानें चांदवडसह सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, हेंहि येथें सांगून ठेवतों. माल्कम शत्रुपक्षाचा खरा, परंतु तो विचारपूस करणारा लेखक होता आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याइतका प्रामाणिक होता. त्याच्यावर माझा आक्षेप आहे तो वेगळ्या कारणासाठीं. तो पुढें येईल.

पहिलें प्रकरण मालेरावाचें. खंडेराव होळकर १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडला. त्याचा व अहल्याबाईंचा हा मुलगा. आजोबा मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यांत आलमपूर येथें वारले आणि दौलत या विशीबाविशीच्या तरुणाच्या हातीं आली. मनानें तो दुर्बळ व अस्थिर असे. ब्राह्मणांना द्यावयाच्या दानांत विंचू ठेवून त्यांची तारांबळ पाहावी, असले त्याचे खेळ माल्कमनें नमूद केले आहेत. रोज दानधर्म करणाऱ्या आईस हे पाहून काय वाटत असेल, तें सांगावयास नको. पुढें घरांतील एका दासीशीं संबंध असल्याच्या संशयावरून त्यानें एका कशिदा काढणाऱ्या कारागिराचा वध करविला. मागाहून कारागीर निर्दोष असल्याचें कळलें आणि मालेराव भ्रमिष्ट झाला. लोक म्हणत, मेलेल्याचें पिशाच्च त्याच्या अंगांत शिरलें आहे. अहल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणापाशीं बसून त्या पिशाच्चाची करुणा भाकीत. तुझें देऊळ बांधीन, तुझ्या मुलाबाळांस जहागीर देईन, असें त्यास विनवीत. परंतु मुलाच्याच तोंडून उत्तर येई कीं, निरपराध असतां मला मारलें, आतां याचा जीव घेतल्यावांचून जाणार नाहीं. गादीवर आल्यास वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १७६७ सालीं, मालेराव मरण पावला.

ही गोष्ट इतकी घट्ट विणलेली आहे कीं तिच्यांत वैद्याला बोट शिरकविण्यास जागा उरलेली नाहीं. ताप होता काय? झटके येत होते काय? झोप किती दिवस नव्हती? पाणी पिऊं शकत होता काय? बावीस वर्षांचा तरुण थोड्या काळांत बरळूं लागून मरतो तेव्हां आजचा वैद्य हे प्रश्न पहिल्यानें विचारील, कारण मेंदूस आलेली सूज, डोक्यांत गेलेला हिंवताप, पिसाळलेल्या कुत्र्याचें विष, यांपैकीं कोणतेंहि कारण असें चित्र उभें करूं शकतें. गोष्टींत मात्र यांपैकीं एकाचेंहि उत्तर नाहीं. ज्यांनीं ती सांगितली त्यांस कारण आधींच ठाऊक होतें, आणि कारण ठाऊक असलें म्हणजे लक्षणें पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. पिशाच्चानें मालेरावाचा जीव घेतला असेल नसेल. त्याच्या दुखण्याचा इतिहास मात्र त्यानें निश्चित खाल्ला.

आणि याचा भुर्दंड भरला तो आईनें. असल्या मुलाचें असलें मरण झाल्यावर आईनेंच त्याला मारविलें असा प्रवाद उठला, आणि तो बराच काळ टिकला. माल्कमनें या आरोपाची मुद्दाम चौकशी केली आणि तो निराधार असल्याचें लिहून ठेवलें. हें त्याचें मराठी वाचकांवर ऋणच आहे. परंतु थोडा विचार केला तर दिसेल कीं, ज्या बाईनें पुढें १७९५ पर्यंत राज्य करून हिंदुस्थानभर देवळें, घाट व विहिरी बांधल्या, तिच्या नांवावर पुत्रहत्येचा डाग लागण्याचें मूळ केवळ द्वेषांत नव्हतें, तर एका न ओळखलेल्या दुखण्यांत होतें. दुखण्याला नांव नसलें म्हणजे घरांतल्या कोणाचें तरी नांव त्याला चिकटतें.

दुसरें प्रकरण यशवंतरावाचें. तें अधिक मोठें, आणि सुदैवानें अधिक बारकाईनें लिहिलेलें आहे. यशवंतराव हा तुकोजी होळकराचा मुलगा. १७९७ च्या सप्टेंबरांत पुण्यास दौलतराव शिंद्यानें होळकरांच्या तळावर छापा घातला, त्यांत त्याचा भाऊ मल्हारराव मारला गेला आणि हा जीव घेऊन पळाला. पुढें नागपुरास कैद, तेथून सुटका, आणि भिल्ल-पेंढाऱ्यांच्या मदतीनें उभें केलेलें सैन्य. दुसरा भाऊ विठोजी यास बाजीरावानें १८०१ सालीं पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. १८०२ च्या २५ ऑक्टोबरास हडपसरच्या मैदानांत शिंदे-पेशव्यांच्या फौजेची यशवंतरावानें जी वाताहत केली, तिनें भिऊन बाजीराव वसईस गेला आणि मराठी राज्याचें पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. १८०४ सालीं त्यानें कर्नल मॉन्सनच्या पलटणींस मुकुंदरा खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळलें. त्याच वर्षीं कर्नल वॉलेसनें इकडे त्याचें चांदवड घेतलें.

या माणसाचें माल्कमनें काढलेलें चित्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मराठी तो शुद्ध लिही, फारसी त्यास समजे, हिशेबांत तो चपळ होता, घोड्यावर त्याची बरोबरी करणारे थोडे आणि धाडसांत कोणीच नाहीं. स्वभाव हंसरा, बोलणें खोंचक. बंदूक फुटून त्याचा एक डोळा गेला तेव्हां, एकाक्ष मनुष्य दुष्ट असतो या लोकसमजुतीस अनुलक्षून तो म्हणाला म्हणे कीं, वाईट तर मी पूर्वींच होतों, आतां चोरांचा गुरु होईन! क्रौर्य व लूट यांचा हिशेब मांडला तर या पुरुषाच्या खात्यावर पुष्कळ रकमा निघतील. नाशिक व खानदेश जिल्ह्यांनीं होळकरी धामधुमीचे व त्यामागून आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळाचे चटके सोसलेले आहेत. त्याचें वकीलपत्र घेण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. परंतु हिशेबांत चपळ, हजरजबाबी, स्वतःच्या व्यंगावर विनोद करणारा, हें त्याचें मूळचें रूप पुढच्या रूपाशेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे.

१८०५ च्या तहानंतर तो पंजाबांतून परतला आणि माळव्यांत भानपुरा येथें त्यानें तोफा ओतण्याचा कारखाना काढला. फौजेची नवी शिस्त, नव्या पलटणी, नव्या तोफा. सगळें एकदम झालें पाहिजे. भट्टीपाशीं तो स्वतः राबूं लागला, ओतीव धातूच्या धगींत दिवसचे दिवस उभा राहूं लागला. याच सुमारास पुतण्या खंडेराव व भाऊ काशीराव या गादीच्या दोन वारसांचे बळी गेले, आणि ते यशवंतरावाच्या सांगण्यावरून गेले असा सार्वत्रिक समज होता. दारू तर तो पूर्वींपासून घेई. आतां विलायती चेरी ब्रँडीचा असा खप सुरू झाला कीं, मुंबईच्या दुकानांतून ती मिळेनाशी होई. मग स्मरण जाऊं लागलें. या क्षणीं बोललेलें पुढच्या क्षणीं आठवत नाहीं, मला औषध द्या, अशी तक्रार तो स्वतःच करी. त्यानंतर संतापाचे झटके. १८०८ सालीं ते इतके अनावर झाले कीं, बळकट माणसें लावून त्याला दोरांनीं बांधावें लागलें. निराळ्या तंबूंत पहाऱ्यांत ठेवून औषधोपचार केले, त्यांचा गुण आला नाहीं. कांहीं काळानें क्रोध आपोआप शमला, पण त्याच्या जागीं शांति आली नाहीं. कांहींच आलें नाहीं. तो बोलेना, ओळखीना. लहान मुलाप्रमाणें त्याला दूध भरवीत. राज्यांतले हुकूम त्याच्या नांवें सुटत होते, तुळसाबाई पडद्याआडून कारभार पाहत होती, अमीरखान व पलटणीचे सरदार ओढाताण करीत होते. आणि ज्याच्या नांवानें लॉर्ड लेकच्या गोटांत झोप उडत असे, तो पुरुष जवळच्याच तंबूंत दुधाच्या वाटीकडे पाहत बसला होता. १८११ च्या ऑक्टोबरांत भानपुऱ्यासच तो वारला. वय पस्तिशीचें.

माल्कम याचें कारण काय देतो? पुतण्याच्या व भावाच्या हत्येचा पश्चात्ताप, आणि मद्य. मालेरावाच्या बाबतींत त्यानें पिशाच्च लोकांच्या पदरीं टाकलें, पण पश्चात्ताप स्वतःकडे ठेवला, येथेंहि तेंच. चांदवडच्या ओट्यावर बसून मामा जें वाक्य म्हणत, तेंच माल्कमनें इंग्रजींत म्हटलें आहे.

माझा आक्षेप आहे तो येथें. ज्या १८११ सालीं भानपुऱ्याच्या तंबूंत यशवंतराव मरत होता, त्याच १८११ च्या फेब्रुवारींत लंडनच्या पार्लमेंटानें कायदा करून राज्याचा अधिकार युवराजाकडे दिला होता, कारण खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला होता. त्याचा वेडाचा मोठा झटका १७८८ सालीं येऊन गेलेला होता. त्या वेळीं फ्रान्सिस विलिस नांवाच्या वैद्यानें राजाच्या अंगांत हात आंवळणारा अंगरखा घालून त्याला खुर्चीस जखडून ठेवलें होतें. १८१० नंतर राजा शुद्धीवर आला नाहीं. विंडसरच्या वाड्यांत, आंधळा व बहिरा होऊन, मेलेल्या माणसांशीं बोलत तो १८२० पर्यंत जगला. या शेवटच्या झटक्याचें कारण त्याच्या प्रजेनें काय दिलें? लाडकी मुलगी अमेलिया वारली, त्या दुःखानें. म्हणजे विंडसरास मन फुटलें तें पितृप्रेमानें, आणि भानपुऱ्यास फुटलें तें पापानें! दोर तेथेंहि होते, दोर येथेंहि होते. पहारे, परस्परविरुद्ध वैद्य, आडून चालणारा कारभार, सर्व सारखें. आपल्या राजाच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनीं ग्रंथ प्रसिद्ध करतांना माल्कमच्या मनांत ही तुलना डोकावली नसेल असें मला वाटत नाहीं. ग्रंथांत मात्र ती नाहीं. आपल्या माणसाचें वेड हा रोग आणि परक्याचें वेड ही शिक्षा, असें मानण्याची खोड एकट्या इंग्रजांचीच आहे असेंहि नव्हे. सायखेड्यांत मीं ती पाहिलेली आहे. विसाव्या शतकांत जॉर्जच्या दुखण्यावर वैद्यांनीं पुन्हां वाद घातला. रक्ताच्या रंगद्रव्याचा एक आनुवंशिक विकार असावा असें १९६६ सालीं मॅकाल्पाइन व हंटर या मायलेकांनीं सुचविलें, आणि तेंहि पुढें अनेकांनीं अमान्य केलें. तेव्हां दोन शतकांपूर्वींच्या रोग्याचें निदान करणें हा निसरडा धंदा आहे हें मी विसरलेलों नाहीं.

तरी यशवंतरावाच्या लक्षणांचा क्रम पहावा. प्रथम सर्व कांहीं एकदम करण्याची अवाढव्य धडपड, मग स्मृतिनाश, मग क्रोध, शेवटीं संपूर्ण जडत्व व मृत्यु, आणि हें सर्व पांच-सहा वर्षांत. १८२२ सालीं, म्हणजे माल्कमचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षीं, पॅरिस येथील आंत्वान बेल या तरुण वैद्यानें वेड्यांच्या इस्पितळांत मेलेल्या कांहीं रोग्यांचीं डोकीं उघडून असें दाखविलें कीं, विशिष्ट क्रमानें वाढणाऱ्या एका वेडांत मेंदूवरील आवरणांस सूज आलेली असते. त्यानें सांगितलेला क्रम जवळजवळ हाच होता: प्रथम ऐश्वर्याचे व पराक्रमाचे भ्रम, मग उन्माद, मग बुद्धिनाश व अंगघात. हें उपदंशाचें मेंदूवरील रूप असल्याचें पुढें ठरलें, आणि १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं अशा मेंदूंत प्रत्यक्ष त्या रोगाचे जंतु दाखविले. अमुक वर्तन अमुक अवयवाच्या अमुक बिघाडानें होतें, असें वेडाच्या बाबतींत डोळ्यांनीं दाखवितां येण्याचा प्रारंभ या रोगापासून झाला असें म्हणतात, तें खोटें नाहीं. यशवंतरावास हाच रोग होता काय? मी तसें म्हणत नाहीं. अंगघाताचा उल्लेख माल्कमनें केलेला मला आढळला नाहीं, आणि दुसरा एक दावेदार समोर उभाच आहे: मद्य. १८८७ सालीं रशियन वैद्य कोर्साकोव्ह यानें मद्यप्यांत आढळणारा जो स्मृतिनाश वर्णिला, त्यांत मनुष्य आतांचें आतां विसरतो, अगदी यशवंतराव तक्रार करी तसें. शिवाय फुटलेल्या बंदुकीनें डोळा घेतला तेव्हां त्यामागच्या मेंदूचें काय झालें, हें कोण सांगणार?

कपाळामागचा मेंदू दुखावला म्हणजे काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील फिनिअस गेज या रेल्वेवरील मुकादमाचें. १८४८ च्या १३ सप्टेंबरास सुरुंग ठांसतांना बार उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारें तेरा पौंड वजनाची पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरून टाळूंतून बाहेर पडली. मनुष्य मेला नाहीं. चालत-बोलत राहिला, पण डॉक्टर हार्लोनें १८६८ सालीं लिहिलें कीं, त्याचे सोबती म्हणत, हा तो गेज नव्हे. पूर्वीं समंजस व नेटका असलेला हा मनुष्य शिवराळ, लहरी व हट्टी झाला होता. पुढें त्यानें चिली देशांत बरींच वर्षें घोड्यांच्या टपालगाडीवर काम केलें, म्हणजे तो पुष्कळसा सुधारलाहि असावा; त्याच्या गोष्टीचा हा भाग सांगणारे कमी. मला या कथेंत सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते त्याचे सोबती. त्यांना शरीरशास्त्र येत नव्हतें, तरी त्यांनीं बरोबर वाक्य उच्चारलें. आमच्या गांवांतील जाणत्यांनीं याच्या अगदी उलट वाक्य उच्चारलें होतें: हा मूळचा असाच.

आतां कोणी विचारील कीं, मग खंडेराव-काशीरावांच्या हत्याहि रोगानेंच केल्या म्हणून सोडून द्यावयाच्या काय? मला तसें वाटत नाहीं, आणि मेंदूच्या शास्त्राचा आधार घेऊन इतिहासांतील प्रत्येक क्रूरकर्म्यास इस्पितळांत नेऊन निजविण्याची जी नवी हौस दिसते ती मला आवडत नाहीं. गादीचे वारस मारणें हें त्या काळच्या राजकारणांत शुद्धीवर असलेल्या माणसांनीं थंड डोक्यानें केलेलें काम होतें. नारायणराव पेशव्याचे मारेकरी वेडे नव्हते. या हत्या पापच होत्या. परंतु पाप केलें म्हणून रोग झाला, हें त्यावरून निघत नाहीं. हत्या करून निरोगी वार्धक्यापर्यंत पोंचलेले पुरुष इतिहासांत पैशाला पासरी आहेत, आणि आमच्या मामांनीं कोणाची मुंगीहि मारली नव्हती.

आपल्या जुन्या वैद्यकानें या बाबतींत पुष्कळ समतोल राखला होता. चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले. त्यांतील चार वात, पित्त, कफ व सन्निपात यांचे, आणि पांचवा आगंतुक, म्हणजे भूतादिकांचा म्हणून समजला जाणारा. आणि त्या पांचव्यासंबंधींहि त्याचें म्हणणें असें कीं, देव, गंधर्व वा पिशाच्च माणसास आपण होऊन पीडा देत नाहींत. दोष देवादिकांना देऊं नये. येथें कर्माची व प्रज्ञापराधाची कल्पना येते, म्हणजे पश्चात्तापवाद्यांस थोडी जागा मिळतेच. पण सर्व उन्मादांस औषध, स्नेहन, शोधन, पथ्य आहे. मनाचें स्थान बहुतेक आचार्य हृदयांत मानीत. एकट्या भेलसंहितेनें तें मस्तक व टाळू यांच्या मध्यें असल्याचें सांगितलें आहे. यशवंतरावापुढें वैद्य आले होते, आणि मालेरावापुढें फक्त पिशाच्चाशीं बोलणारी आई होती असें गोष्ट सांगते. वस्तुतः होळकरांच्या वाड्यांत राजवैद्य नव्हता असें कोण म्हणेल? गोष्टीला तो नको होता, म्हणून तो गळाला.

दोरांविषयीं दोन शब्द. दोर बांधणारे निर्दय होते असें मी म्हणत नाहीं. अनावर झालेल्या धिप्पाड सैनिकापुढें ते करणार तरी काय? १७९३ पासून पॅरिसच्या बिसेत्र येथें पिनेल व त्याचा मदतनीस प्युसँ वेड्यांच्या बेड्या काढण्याचा विचार करीत होते, पण त्यांनाहि कांहीं रोग्यांस जाड कापडाचे अंगरखे घालावेच लागले. आपल्याकडे साखळदंड कायद्यानें निषिद्ध ठरले ते २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमानें. भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास बांधणें व मारणें हा महाराष्ट्रांत स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१३ सालीं, आणि तोहि एका डॉक्टराचा, नरेंद्र दाभोलकरांचा, पुण्यांत खून झाल्यावर. आमच्या मामांना भगतानें मिरच्यांची धुरी दिली ती याच्या फार पूर्वीं नव्हे.

मला राहून राहून वाटतें तें त्या दूध भरविणाऱ्याविषयीं. तीन वर्षें कोणीतरी, दिवसांतून चार वेळां, यशवंतराव होळकराच्या ओठांस वाटी लावली असेल, हनुवटी पुसली असेल, कूस बदलली असेल. मोठा दरबार, रोज बदलणारे कारभारी, थकलेल्या पलटणी. त्यांत धर्माकुंवर नांवाच्या सरदारानें एकदां या वेड्या राजास, तुळसाबाईस व लहानग्या मल्हाररावास जंगलांत नेऊन ठार मारण्याचा घाट घातला होता. त्याहि प्रवासांत वाटी बरोबर गेली असली पाहिजे. धर्माकुंवराचें नांव इतिहासांत आहे, वाटी धरणाऱ्याचें नाहीं. तुळसाबाईचा अंत १८१७ सालीं, महिदपूरच्या आदल्या रात्रीं, क्षिप्रेच्या वाळवंटांत तिच्याच फौजेच्या तलवारीनें झाला. तिच्या कारभाराचे दोष माल्कमनें भरपूर दिले आहेत आणि ते बहुधा खरेहि असतील; पण एवढें म्हणावेसें वाटतें कीं, तिचा निवाडा करणाऱ्यांपैकीं कोणी घरांत असा रोगी सांभाळलेला नसावा.

मामींनीं सांभाळला; सात वर्षें. मामा गेल्यावर दिवसवार आटोपल्यानंतर त्यांनीं माळ्यावरून दुकानाच्या जुन्या वह्यांचें गांठोडें खालीं काढविलें. अडत्यानें त्या वह्या रद्दींत घालण्यास दिल्या होत्या, मामींनीं तशाच ठेवल्या होत्या. मला वाटलें, आठवण म्हणून. तसें नव्हतें. त्यांनीं एक कीर्द उघडून खुणेचें पान काढलें आणि बोट ठेवलें. नागपंचमीची तारीख होती. दुखवट्यास जाऊन मामा हंसले त्याच्या दीड वर्ष आधींची. “लोक म्हणतात मीं चारलें, तें त्या दिवाळींत. हें त्याच्या आधींचें आहे, वाच,” त्या म्हणाल्या. पानाच्या तळाशीं बेरीज होती. समासांत पेन्सिलीनें तीन वेळां पडताळा घेतलेला होता. तिन्ही वेळां आंकडा निरनिराळा आला होता, आणि तिसऱ्याखालीं मामांनीं आपल्या नेहमींच्या वळणदार अक्षरांत “बरोबर” असें लिहिलें होतें.